चारशे अठरा

आमच्या कपाटातील ज्या खणात घराचे खरेदीखत, विम्याच्या पावत्या आणि वडिलांचे मृत्युपत्र आहे, त्याच खणात अगदी तळाशी एक निळी फाईल असे. कित्येक वर्षे ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. घरी पाहुणे येणार असले की सौ. त्या खणाला कुलूप लावी आणि किल्ली देव्हाऱ्यामागे ठेवी. जणू ती फाईल स्वतःच्या पायांनी चालत बाहेरच्या खोलीत येऊन पाहुण्यांच्या शेजारी बसणार होती!

फाईल आमच्या धाकट्या बंधूची. त्याला एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे २००९ साली कळले, आणि तेव्हापासून दर सहा महिन्यांनी त्याच्या रक्तातील एका विशिष्ट पेशीची मोजदाद होऊ लागली. ते सारे कागद तारीखवार त्या फाईलमध्ये लावलेले आहेत. लावले आम्हीच. आयुष्य हिशेबखात्यात गेल्यामुळे कागद तारीखवार लावणे हे आम्हांला उपजतच येते. ते वाचता येणे मात्र वेगळे, हे कळावयास बराच काळ जावा लागला.

हे लिहिण्यापूर्वी आम्ही बंधूची संमती घेतली. ती घेणे कायद्यानेही आवश्यक आहे. २०१७ साली संमत झालेला आणि सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला कायदा अशा व्यक्तीची स्थिती तिच्या संमतीवाचून उघड करण्यास मनाई करतो. परंतु आम्ही कायद्याच्या धाकाने विचारले नाही. त्याने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "दादा, लिहा. नाव घालू नका. आणि मला बिचारा करू नका." ह्या दोन अटी पाळून पुढे लिहीत आहोत.

पहिला कागद २००९ च्या पावसाळ्यातला. दोन महिने ताप हटत नव्हता, अंगावरचे कपडे ढगळ झाले होते, आणि आम्ही घरातले सर्वजण मुदतीचा ताप, मलेरिया, 'हवा बदलली' अशी एकेक कारणे देऊन थकलो होतो. तपासणीत जे निघाले ते ऐकल्यावर आम्ही त्याला पहिला प्रश्न विचारला तो, 'कसे झाले?' हा. तो प्रश्न आम्ही पुन्हा कधी विचारला नाही. पण एकदा विचारला होता, हे येथे लिहून ठेवणे भाग आहे.

सरकारी केंद्रातून जो कागद मिळाला त्यावर 'सी.डी. ४' असे लिहून पुढे १६४ असा आकडा होता, आणि कंसात निरोगी माणसाची मर्यादा साधारण ५०० ते १५००. हिशेबनिसाच्या डोळ्यांना ह्याचा एकच अर्थ दिसला. खात्यात पाचशे तरी हवे होते, शिल्लक १६४. म्हणजे दिवाळे निघण्याची वेळ जवळ आली.

तेथील डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगण्याची हौस असलेले. त्यांनी जे सांगितले ते आम्ही आपल्या भाषेत असे बसवून घेतले. लग्नघरात एक कारभारी काका असतात. ते स्वतः चूल पेटवीत नाहीत, वाढीत नाहीत, मांडवही घालीत नाहीत. परंतु आचाऱ्याला, वाढप्यांना, मांडववाल्याला कधी काय करावयाचे ते सांगणारे तेच. ते आजारी पडले की माणसे सगळी असूनही कार्य विसकटते. शरीरात कोणी शत्रू शिरला तर त्याच्याशी लढणाऱ्या पेशी अनेक प्रकारच्या आहेत, आणि त्यांना कामाला लावणाऱ्या ज्या कारभारी पेशी त्यांच्या अंगावर सी.डी. ४ नावाचे एक प्रथिन असते. एच.आय.व्ही. हा विषाणू नेमका त्याच प्रथिनाचा दरवाजा करून आत शिरतो, हे १९८४ साली सिद्ध झाले. बाकी शत्रू वाढप्यांशी भांडतात. हा थेट कारभाऱ्याच्याच घरात बिऱ्हाड करतो. म्हणून वर्षे लोटली की कारभारी कमी होत जातात आणि मग एरवी जे जंतू गप्प असतात ते डोके वर काढतात. दोनशेच्या खाली हा धोका विशेष. फुप्फुसाचा एक विशिष्ट दाह, मेंदूच्या आवरणाचा बुरशीजन्य रोग हे तेथे वाट पाहात असतात. क्षयाला मात्र आपल्या देशात आकड्याची पर्वा नाही, तो केव्हाही येतो.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ही हकीकत आम्हांला फार चमत्कारिक वाटली. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांच्या विलक्षण आजाराचा वृत्तान्त छापून आला. डॉ. मायकेल गॉटलीब आणि त्यांचे सहकारी ह्यांनी तो लिहिला होता. ह्या कारभारी पेशींची संख्या अशा रुग्णांत कमालीची घटलेली आहे हे तेव्हाच ध्यानात आले. विषाणू सापडला तो १९८३ साली, पॅरिसमध्ये. म्हणजे चोराचे नाव कळण्यापूर्वीच तिजोरीतून किती गेले ह्याची मोजणी झाली होती! पेशी ओळखून मोजता आल्या त्या कोलर आणि मिलस्टीन ह्यांनी १९७५ साली काढलेल्या एका युक्तीमुळे. तिच्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले. त्या युक्तीने तयार केलेली, रंग जोडलेली प्रतिद्रव्ये रक्तात मिसळतात, ती सी.डी. ४ ला जाऊन चिकटतात, आणि मग पेशी एकेरी रांगेने लेसरच्या किरणापुढून जाऊ लागल्या की यंत्र चमकणाऱ्यांची नोंद घेते. जांभळ्या बुचाची एक छोटी नळी रक्त, एवढेच भांडवल.

तर १६४. औषधे लगेच सुरू झाली. त्या काळी औषध केव्हा द्यावयाचे हे मुख्यतः ह्याच आकड्यावर ठरे. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत औषधे देण्यास प्रारंभ केला तेव्हा मर्यादा दोनशेची होती. पुढे ती साडेतीनशे झाली, मग पाचशे, आणि २०१७ पासून मर्यादाच उरली नाही. लागण कळली की औषध, आकडा काही का असेना. ह्या एका बदलाने किती घरांचे काय वाचले असेल! आमच्या बंधूला मात्र ताप, वजन आणि १६४ एवढी किंमत मोजून औषधापर्यंत पोहोचावे लागले.

पुढचे कागद सुखाचे आहेत. २४१. ३१८. ३६०. अखेर ४०२. प्रत्येक खेपेस आम्ही तो आकडा पासबुकातल्यासारखा मागच्या आकड्याखाली लिहीत असू आणि वाढ किती ते कंसात मांडीत असू. बंधूची तपासणी असे त्या दिवशी घरात दहावीच्या निकालाचा दिवस असावा तसे वातावरण. तो रिक्षातून उतरताच सौ. दारात उभी. "किती?" पाणी नंतर, चहा नंतर, आधी 'किती'. आमच्या मातोश्री तेव्हा हयात होत्या. त्यांना आजाराचे नाव सांगितलेले नव्हते. 'रक्त कमी आहे' एवढेच माहीत. त्याही विचारीत, "बाळाचे रक्त किती झाले?" आणि चारशे दोन ऐकून देवापुढे साखर ठेवीत.

२०१३ च्या पावसाळ्यात बंधूला टायफॉइड झाला. बरा होऊन पंधरा दिवस झाले असतील नसतील, तेवढ्यात नेहमीच्या तपासणीची तारीख आली. आकडा आला २८७.

एकशे पंधराची घट! आम्ही त्या रात्री झोपलो नाही. औषध लागू पडेनासे झाले, आता दुसरे, मग तिसरे, मग काय, अशी उतरती भाजणी मनाने मांडून टाकली. दुसऱ्या दिवशी केंद्रात गेलो. डॉक्टर बदललेले होते, पण समुपदेशक बाई जुन्याच. त्यांनी आमचे घामेजलेले तोंड पाहिले, फाईल उलटली आणि म्हणाल्या, "भैयाजी, एक नंबर मत देखिए, पूरी लाइन देखिए।"

मग डॉक्टरांनी आम्हांला कागदावरचा जो दुसरा आकडा दाखविला तो चार वर्षे आमच्या डोळ्यांसमोर होता, आणि आम्ही, हिशेबनिसाने, तो कधी वाचला नव्हता. तो म्हणजे टक्केवारी. रक्तातील सर्व लिंफोसाइट पेशींपैकी शंभरात किती सी.डी. ४ आहेत, ती. ४०२ च्या वेळी ती २२ होती. २८७ च्या वेळी २१. म्हणजे कारभाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ तेच होते. टायफॉइडच्या गडबडीत रक्तातील एकूण लिंफोसाइटच अठराशेच्या आसपास होत्या त्या साडेतेराशेपर्यंत उतरल्या होत्या. ताप, सर्दी, दुसरे एखादे दुखणे, काही औषधे, इतकेच काय, दिवसाची वेळसुद्धा हा आकडा खाली-वर करते. सकाळी उशिरा तो कमी असतो, सायंकाळनंतर वाढतो. आपल्या इंदूरच्या सराफ्याची वस्ती सकाळी मोजणाऱ्याने आणि रात्री दहाला खाणाऱ्यांची झुंबड उडते तेव्हा मोजणाऱ्याने परस्परांना खोटे ठरवावे, तसेच हे. शिवाय शरीरातील लिंफोसाइटपैकी रक्तात असतात त्या शंभरात दोनच्या आसपास. बाकी गाठींत, प्लीहेत, आतड्यांत आपापल्या कामावर असतात. आपण चौकातून जाणारी माणसे मोजतो आणि गावाची शिरगणती झाली असे समजतो. म्हणून तपासणी शक्य तो एकाच प्रयोगशाळेत, साधारण एकाच वेळेला करावी, आजारपणात करू नये, आणि एका घसरणीने निर्णय न घेता पुन्हा मोजून पाहावे. औषध निष्प्रभ झाले असे ह्या मोजणीवरून मानावयाचे तर त्याकाळच्या नियमाने आकडा सर्वोच्च पातळीच्या निम्म्यावर यावयास हवा, किंवा औषधापूर्वी होता तेथे परत जावयास हवा. निम्मे म्हणजे २०१. आपण २८७ वर आहोत. तीन महिन्यांनी या.

हे सारे आम्ही ऐकले. समजलेही. टक्केवारीचा गुणाकार आम्ही तेथेच मनातल्या मनात करून पाहिला आणि तो जुळला. तरीही घरी आल्यावर जे झाले ते झालेच.

बंधूच्या मुंजीत मामांनी दिलेले एक स्टीलचे ताट आहे, त्यावर त्याचे नाव कोरलेले. २००९ साली पहिल्या महिन्यांत ते ताट अचानक माळ्यावरून खाली आले होते. "तुझे नाव आहे त्यावर, तुलाच शोभते," असे कौतुकाने म्हणून. ते वेगळे घासले जाई, वेगळे पालथे घातले जाई. जेवणाच्या भांड्यांतून हा रोग लागत नाही असे केंद्रात पहिल्याच दिवशी सांगितले होते. ते आम्हांला ठाऊक होते. आकडा तीनशेच्या वर गेला तसे ते ताट हळूहळू बाकीच्या ताटांत मिसळले. कोणी काही बोलले नाही. आणि २८७ नंतर दुसऱ्याच दिवशी ते पुन्हा फळीच्या कडेला, एकटे, उभे राहिले. हे सौ.ने केले असे लिहून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ताट मांडताना आम्ही पाहिले होते, आणि पाहून पानावर बसलो होतो.

बंधूनेही पाहिले. त्यानंतर तो 'भूक नाही', 'उशीर होईल', 'बाहेर खाऊन आलो' असे म्हणू लागला. तीन महिन्यांत तो आमच्याबरोबर फार तर पाच-सहा वेळा जेवला असेल.

तीन महिन्यांनी आकडा आला ४१८. बंधूने दूरध्वनीवर कळविला. आम्ही राजवाड्याच्या बाजूने घरी येता येता अर्धा किलो जिलबी घेतली. रात्री ताटे मांडली. सारखी, एकाच चळतीतली. मुंजीचे ताट कोठे गेले होते कोण जाणे. बंधू येऊन उभा राहिला, बसला नाही. म्हणाला,

"दादा, परवापर्यंत मी दोनशे सत्त्याऐंशी होतो, तर ताट वेगळे. आज चारशे अठरा झालो, तर पंगतीत. पुढच्या खेपेस तीनशे नव्वद आलो तर कुठे बसू, ते आत्ताच सांगून ठेवा. वहिनींना ताट शोधायला सोपे जाईल."

जिलबी तशीच राहिली. सौ. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मातोश्रींना काही कळले नाही, त्या म्हणाल्या, "अरे, बस ना, गार होते आहे." तो त्यांच्यासाठी बसला.

सी.डी. ४ चा आकडा माणसाची स्वतःची प्रतिकारशक्ती किती उरली ते सांगतो. त्याच्यापासून दुसऱ्याला किती भय आहे ह्याविषयी तो एक अक्षरही सांगत नाही. ते सांगणारी तपासणी निराळी. तिला व्हायरल लोड म्हणतात, रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती आहेत ते ती मोजते. तीदेखील ताटवाटीविषयी काहीच सांगत नाही, कारण ताटवाटीतून देण्याघेण्यासारखे मुळात काही नसतेच. आम्ही एका कागदावर न लिहिलेली गोष्ट चार वर्षे त्यावरून वाचीत होतो, आणि शिकलेसवरलेले म्हणवीत होतो. आकडा कमी असतो तेव्हा खरे भय असते ते उलट बाजूने. आमचा खोकला, आमची कांजिण्या झालेली नात, हे त्याला धोक्याचे.

त्या रात्रीनंतर आम्ही ह्या विषयावर मिळेल ते वाचावयास लागलो. त्यात डॉ. सुनीती सॉलोमन ह्यांची हकीकत हाती आली. माहेरच्या त्या गायतोंडे. कातड्याचा व्यापार करणाऱ्या, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. म्हणजे आपणांसारख्याच, महाराष्ट्राबाहेर घर केलेल्या. १९८६ साली त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला ह्यांनी भारतातील पहिले एच.आय.व्ही. रुग्ण शोधून काढले. असा रोग आपल्या देशात यावयाचाच नाही, असे तेव्हा पुष्कळांचे मत होते. १९९३ साली त्यांनी वडिलांच्या नावाने संस्था काढली. त्या २०१५ साली वारल्या. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ज्या रोगाचे कागद आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळीत होतो, त्या रोगाच्या कामाला एका मराठी घरातील मुलीने आपल्या बापाचे नाव दिले होते. हे वाचून आम्ही ते वर्तमानपत्र काढून टाकले. एवढेच केले. पाहुण्यांसमोर बोलण्याचे धैर्य त्यानंतरही काही वर्षे आले नाही.

आता व्हायरल लोडची तपासणी सर्वांची नियमाने होते. आमच्या बंधूची पहिली २०१८ मध्ये झाली. अहवालावर विषाणू 'आढळला नाही' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते. पुण्याहून आत्याबाई आल्या होत्या (त्यांना तोवर सांगितले होते), त्या म्हणाल्या, "मग बरा झाला की! गोळ्या कशाला आता?" बंधू हसला. आढळला नाही ह्याचा अर्थ यंत्राला दिसण्याइतका रक्तात उरला नाही, एवढाच. तो गाठींत आणि इतरत्र दडून असतोच, आणि गोळ्या थांबल्या तर बहुधा काही आठवड्यांतच पुन्हा रक्तात येतो. पण गोळ्या चालू असून तो असा दिसेनासा राहिला, तर त्या व्यक्तीपासून शरीरसंबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. आत्याबाईंना आम्ही ह्यातील पहिला अर्धाच भाग सांगितला. दुसरा अर्धा बंधूनेच सांगितला, आणि त्या न बिचकता "बरे झाले" म्हणाल्या. माणसांविषयीचे आमचे अंदाज बहुधा चुकीचे निघतात.

सी.डी. ४ ची मोजणी म्हणजे टाकाऊ झाली असे मात्र कोणी समजू नये. नव्याने लागण कळलेल्या माणसाची ती आजही प्रथम करावी लागते. दोनशेच्या खाली असेल तर क्षयाची, बुरशीच्या रोगाची तपासणी ताबडतोब करावी लागते आणि प्रतिबंधक गोळ्या द्याव्या लागतात. औषधे घेऊनही व्हायरल लोड वाढलेला निघाला, तरी ती पुन्हा हवी. पण ज्याचा आकडा साडेतीनशेच्या वर स्थिर आहे आणि विषाणू दबलेला आहे, त्याने दर सहा महिन्यांनी ती करीत बसण्याचे कारण उरत नाही. बंधूचा शेवटचा आकडा ६३६. त्यानंतर केंद्राने सांगितले, आता ही नको, व्हायरल लोड तेवढा करीत जाऊ.

खरे सांगावयाचे तर आम्हांला चुकल्याचुकल्यासारखे झाले. निळ्या फाईलमधील आमच्या पासबुकाचे पान ६३६ वर थांबले आहे, आणि खाली पुष्कळ जागा कोरी आहे.

पुढच्या आठवड्यात त्याच्या रक्ताची तारीख आहे. दिनदर्शिकेवर सौ.ने पूर्वी नुसते 'र.' लिहिले असते. यंदा बंधूचे नाव लिहून पुढे 'रक्त' असे लिहिले आहे. काल तो सहज म्हणाला, की इतकी वर्षे वहिनी त्याला तपासणीच्या दिवशी उपाशी धाडीत आली, साखरेच्या तपासणीला धाडतात तसे; आणि सी.डी. ४ काय, व्हायरल लोड काय, कशालाच उपाशी जावे लागत नाही, हे त्याला पहिल्या वर्षीच कळले होते.

"मग बोलला का नाहीस?" सौ.ने विचारले.

"कोपऱ्यावरच्या भैयाकडे पोहे-जिलबी खाऊनच जात होतो, वहिनी. दर सहा महिन्यांनी."

ह्या खेपेस पोहे घरी करावयाचे ठरले आहे. आम्हीही बरोबर जाणार आहोत.